उतारवयात मी देवाच्या काय कामाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ६९. तीसएक वर्षं शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या वर्गात) मुलांना शिकवलं, दोनदा वडील मंडळावर, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, निवडून आलो. गेल्या वर्षी नव्या पाळकांनी आभार मानले आणि काम तरुणांकडे सोपवलं. कानांनी कमी ऐकू येतं, गुडघे धरतात. प्रार्थनेला बसलं तरी मन लागत नाही. मी आता देवाच्या काय कामाचा? आणि शेवटपर्यंत माझा विश्वास टिकेल ना?

चौतीस वर्षं मी पाळक होतो आणि त्यातला निम्मा काळ म्हाताऱ्या माणसांच्या बिछान्यांशेजारी बसण्यात गेला. हा प्रश्न तिथे मला इतक्यांनी विचारला की त्याचं उत्तर मला पाठ होतं. मग मी स्वतः निवृत्त झालो आणि ते पाठ केलेलं उत्तर माझ्याच कामी आलं नाही. त्यामुळे आता सांगतो ते थोडं वेगळं आहे.

आधी तुमच्या दुःखाबद्दल. काम हातातून गेलं की वाईट वाटतं. त्याला लगेच 'अहंकार' म्हणून मोकळे होऊ नका. दर आठवड्याला धडा तयार करायचा, कोणतं मूल आलं नाही ते बघायचं, त्याच्या घरी जायचं, ही तीस वर्षांची सवय आहे. ती तुटली की शनिवारची संध्याकाळ रिकामी होते. त्या रिकामेपणाला शोक म्हणतात, आणि शोक हे पाप नाही.

शोक नासतो कुठे, ते मात्र मी स्वतःवरूनच सांगतो. निवृत्तीनंतर मी मागच्या बाकावर बसू लागलो. नवे पाळक उपदेश करत आणि मी उपासनेच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या चुका टिपत असे. संदर्भ चुकला, ग्रीक शब्दाचा अर्थ ताणला, प्रार्थना लांबली. एका रविवारी नऊ चुका झाल्या होत्या, क्रमांक घालून लिहिल्या होत्या. तो कागद माझ्या बायबलमधून खाली पडला. बायकोने उचलला, वाचला, परत घडी घातली आणि विचारलं, "हे कोणाला द्यायचंय?" मला उत्तर देता आलं नाही. तो कागद द्यावा असं जगात कोणीच नव्हतं.

त्या आठवड्यात मी बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकातला ८ वा अध्याय पुन्हा वाचला. निदान वीस वेळा वाचलेला, पण कधी थांबलो नव्हतो. लेव्यांनी, म्हणजे उपासनेची सेवा नेमून दिलेल्या इस्राएली वंशाच्या पुरुषांनी, २५ व्या वर्षी सेवेत यावं आणि ५० व्या वर्षी सेवेतून मोकळं व्हावं, असं तिथे देवानेच ठरवून दिलं आहे. म्हणजे निवृत्ती ही मंडळीच्या कमिटीने काढलेली टूम नाही, ती नियमशास्त्रात आहे. आणि कारणही उघड आहे. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा फिरता तंबू, हलायचा तेव्हा लेव्यांपैकी मरारीच्या वंशजांकडे फळ्या, अडसर, खांब आणि उथळ्या असत. त्यांना गाड्या-बैल तरी मिळाले होते. कहाथाच्या वंशजांना (हेही लेवीच) गाडी नव्हती, पवित्र वस्तू खांद्यावरच वाहायच्या. पन्नाशीनंतरच्या खांद्यांना ते झेपत नाही, हे देवाला ठाऊक होतं.

पण वाक्य तिथे संपत नाही. पन्नाशी उलटलेल्या लेव्याने आपल्या भाऊबंदांबरोबर दर्शनमंडपात (त्याच तंबूत) राहून राखण करावी, असं पुढे म्हटलं आहे. ओझं उतरवलं, नेमणूक तशीच ठेवली. वाहणाऱ्याचा राखणदार झाला. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते एवढ्यातच आहे, बाकीचा सगळा त्याचा तपशील.

राखण म्हणजे काय, हे इस्राएलाचा न्याय पाहणाऱ्या शमुवेल संदेष्ट्याकडे बघून कळतं. लोकांनी त्याला तोंडावर सांगितलं की तू म्हातारा झालास, आम्हाला राजा दे. त्याला ते लागलं, शास्त्र ते लपवत नाही. पुढे १ शमुवेल १२ मध्ये तो सगळ्यांसमोर उभा राहतो, 'मी म्हातारा झालो, केस पिकले' असं स्वतःच म्हणतो आणि हिशेब मांडतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणावर जुलूम केला? वाचताना वाटतं, आता हा राग काढणार. थोडा काढतोही. पण शेवटी तो म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करण्याचं सोडून मी परमेश्वराचा अपराध करावा, असं माझ्या हातून न घडो. ज्यांनी त्याला बाजूला केलं त्यांच्यासाठी प्रार्थना करणं हे त्याच्या लेखी आता मोठेपणाचं काम नव्हतं. ते न करणं म्हणजे कामचुकारपणा, एवढं साधं.

मध्यस्थीच्या प्रार्थनेबद्दल म्हाताऱ्यांना सांगणं सोपं असतं, 'तुम्ही प्रार्थना करा' म्हणून. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो 'तुम्ही आता गप्प बसा'. मीही तसं म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोलू. माझं मत बदललं ते एका बाईंमुळे. नव्वदीच्या आसपासच्या, अंथरुणाला खिळलेल्या. उशीखाली एक वही. पानाच्या डाव्या बाजूला नाव, उजवीकडे तारीख आणि एखादा शब्द: 'नोकरी', 'ऑपरेशन', 'बोलत नाही'. प्रार्थनेचं उत्तर आलं की त्या नावावर काट मारत नसत. शेजारी छोटा टिंब देत आणि नाव तसंच ठेवत. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "काम झालं म्हणून माणूस थोडाच संपतो?" मी पानं उलटत होतो आणि एका जुन्या पानावर मला माझंच नाव दिसलं. पुढे शब्द होता: 'थकलाय'. तारीख त्या वर्षाची होती ज्या वर्षी मी राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होतो. तो राजीनामा मी घरात कोणाला दाखवला नव्हता.

तेव्हा वही करा. फार मोठी नको. सुरुवातीला सात-आठ नावं पुरेत. जास्त झाली की यादी वाचून दाखवल्यासारखी प्रार्थना होते. नावापुढे नेमकी गरज लिहा, 'आशीर्वाद दे' एवढ्यावर भागवू नका. नेमकी गरज कळण्यासाठी त्या माणसाला फोन करावा लागतो, आणि राखणीचं निम्मं काम त्या फोनमध्येच होतं. ऐकू कमी येतं तर पत्र लिहा, मेसेज पाठवा. रात्री तीनला जाग येते ना? ती वेळ वाया गेली असं धरू नका. स्तोत्रकर्ते अंथरुणावर, रात्रीच्या प्रहरी देवाची आठवण करत असल्याचं वारंवार सांगतात. मला तर शंका आहे की त्यांतले बरेच म्हातारे असावेत.

आता एक वेगळी गोष्ट. म्हाताऱ्यांना उत्साह द्यायचा म्हटलं की व्यासपीठावरून यहोशवाच्या पुस्तकातला कालेब बाहेर काढतात. वय ८५, अंगात तीच ताकद, आणि मागतो काय तर डोंगराळ मुलूख. उत्तम माणूस. पण गुडघे धरलेल्या माणसाला कालेब सांगणं म्हणजे लंगड्याला धावपटूचं चित्र दाखवणं. कालेबाची ताकद हा अपवाद होता, म्हणून तर त्याने ती बोलून दाखवली.

माझा माणूस बर्जिल्लय. २ शमुवेल १९. वय ८०. दावीद राजा आपल्या मुलाच्या बंडामुळे पळून आला तेव्हा याने त्याला आणि त्याच्या माणसांना बिछाने, भांडी, धान्य पुरवलं होतं. राजा परत निघाला तेव्हा म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. बर्जिल्लयाचं उत्तर वाचा. मला किती दिवस राहिलेत? खाल्ल्या-प्याल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, धन्याला भार कशाला होऊ? त्यात रडगाणं नाही. आपलं शरीर कुठवर आलं आहे ते तो नीट ओळखून आहे. तरीही यार्देन नदीपर्यंत पोचवायला तो आलाच आहे. जेवढं चालता येतं तेवढं चालला. मग म्हणतो, हा किम्हाम आहे, याला घेऊन जा. स्वतःला मिळालेली जागा त्याने एका तरुणाला दिली आणि राजाने त्याचं चुंबन घेऊन त्याला निरोप दिला. मरताना दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला, सांगतो की बर्जिल्लयाच्या मुलांवर कृपा ठेव. 'नाही' म्हणूनही माणूस किती देऊ शकतो ते बघा.

तुमच्याही पुढे असा एखादा किम्हाम असेल. तुमचा वर्ग आता जो घेतो तोच बहुधा. त्याला सल्ला देऊ नका, निदान त्याने विचारेपर्यंत. तीस वर्षांच्या नोंदवह्या त्याच्या दारात नेऊन टाकू नका. त्याच्या वर्गातल्या मुलांची नावं विचारून घ्या आणि ती वहीत लिहा. आणि एकदा तरी त्याला लेखी सांगा की तुझं अमुक चांगलं झालं. नेमकं काय चांगलं झालं ते लिहा. तोंडी शाबासकी विसरली जाते.

मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली ८७ व्या वर्षी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, विल्यम विल्बरफोर्स या तरुण खासदाराला एक पत्र लिहितो. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तू उभा राहिलास, देव तुझ्या पाठीशी असेल तर कोण तुझ्याविरुद्ध टिकेल, चांगलं करता करता थकू नकोस, अशा आशयाचं. विल्बरफोर्स तेव्हा ३१ वर्षांचा होता. ते वेस्लीच्या अगदी शेवटच्या पत्रांपैकी एक. सहा दिवसांनी, २ मार्चला, तो गेला. ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला १८०७ मध्ये, म्हणजे पत्रानंतर सोळा वर्षांनी. वेस्लीला त्यातलं काही दिसलं नाही. त्याचं आयुष्य हजारो मैल घोड्यावर हिंडून उपदेश करण्यात गेलं. पण आपल्या वयाच्या माणसाने उचलण्यासारखं काही असेल तर ते पत्र.

काहींच्या हातात मात्र शेवटपर्यंत मोठं काम असतं, तेही सांगायला हवं. पंडिता रमाबाई पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या आणि त्यासाठी मूळ भाषांचा अभ्यास त्यांनी वय झाल्यावर केला. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्या स्वतः गेल्या. तुमच्याकडे असं अपुरं काम असेल तर ते जरूर करा. नसेल तर शोधून काढण्याची धडपड करू नका. उद्देश म्हणजे प्रकल्प, ही गल्लत निवृत्त माणसं फार करतात.

आता प्रार्थनेत मन लागत नाही, त्याबद्दल.

याला थेट आध्यात्मिक नाव देण्याआधी शरीराकडे बघा. ऐकू कमी येतं म्हणता. उपदेश अर्धा ऐकू येतो, गीत कुठवर आलं ते कळत नाही, भेटलेल्यांना पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते, मग माणूस उपासनेला जाणंच कमी करतो आणि समजतो की विश्वास थंडावला. श्रवणयंत्र लावून विश्वास 'परत आलेली' माणसं मी पाहिली आहेत. झोप, थायरॉईड, ब१२ ची कमतरता, एखादं नवं औषध, यांनीही मन आणि आठवण दोन्ही मंदावतात. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, पूर्वी आवडायचं त्यात गोडी उरली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. उतारवयातलं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'प्रार्थना कमी पडते' असं कोणी म्हणालं तर त्याला माझा नमस्कार सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

हे सगळं बघूनही कोरडेपणा राहिला तर स्वतःचे शब्द शोधणं काही दिवस थांबवा. स्तोत्रं उसनी घ्या. रोज एक, मोठ्याने. डोळे साथ देत नसतील तर मोठ्या टाइपाची प्रत घ्या किंवा मोबाइलवर लावून ऐका. १५० स्तोत्रं पाच महिन्यांत होतात, मग पुन्हा पहिल्यापासून. ७१ वं तर आपल्याच वयाच्या माणसाचं आहे. शक्ती सरत चालली असता मला टाकू नकोस, असं तो सरळ मागतो, आणि केस पिकल्यावरही पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस, असंही. ८८ वं स्तोत्र वाचताना घाबरू नका, त्याच्या शेवटी उजेड नाही, अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मला त्याचा फार आधार वाटतो. मन लागत नाही, असं देवाला सांगणं हीसुद्धा प्रार्थनाच.

विश्वास शेवटपर्यंत टिकेल का? ही भीती रास्त आहे, आणि ज्याला ती वाटते त्याच्याबद्दल मला कमी काळजी वाटते. शास्त्रात तरुणपणी घसरलेले बरेच, पण म्हातारपणी घसरलेल्यांची यादीही लहान नाही. शलमोनाचं मन त्याच्या बायकांनी इतर देवांकडे वळवलं ते 'त्याच्या म्हातारपणी', असं १ राजे ११ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. यहूदाचा आसा राजा पस्तीस वर्षं बरा वागला, मग अरामाच्या राजावर विसंबला, त्याबद्दल बोलणाऱ्या द्रष्ट्याला त्याने कैदेत टाकलं आणि पाय दुखू लागले तेव्हा देवाला विचारलंच नाही. (तो वैद्यांकडे गेला, हा त्याचा दोष नव्हे. या ओळीवरून गोळ्या बंद करणारे मला भेटले आहेत. तसलं काही करू नका.) आजारी हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून मिळाली, आणि तुझ्या वंशजांना पाडाव करून नेतील असं ऐकल्यावर त्याचा विचार असा की माझ्या हयातीत तर शांतता राहील ना, मग झालं. पुढच्यांचं काय होईल याची फिकीर सुटली की राखणदार झोपला असं समजावं.

आणि नामी, परदेशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परतलेली. 'मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं.' हे ती म्हणते तेव्हा तिला न सोडणारी तिची सून रूथ तिच्या शेजारी उभी आहे. कडवटपणा नेमका असाच असतो, जवळ उभं असलेलं माणूस त्यात दिसत नाही. मी पत्रकावर चुका लिहीत होतो तेव्हा माझ्या शेजारच्या बाकावर कोण बसत असे, हे मला आज आठवत नाही.

टिकण्याचा भार मात्र सगळा तुमच्यावर नाही. यशया ४६ उघडा. बाबेलच्या देवतांच्या मूर्ती दमलेल्या जनावरांच्या पाठीवर लादलेल्या आहेत, स्वतःला सोडवता येत नाही, उलट वाहणाऱ्याला ओझं. आणि लगेच देव आपल्या लोकांना म्हणतो: जन्मापासून मी तुम्हाला वाहिलं, तुमचे केस पिकेपर्यंत मीच वाहीन. आता त्या लेव्याला पुन्हा आठवा. पन्नास वर्षांचा होईपर्यंत तो पवित्र वस्तू खांद्यावर वाहत होता. खरं तर कोण कोणाला वाहत होतं?

विस्मरणाचा आजार झालेल्यांना मी भेटलो आहे, मुलांची नावं गेलेली, पण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की ओठ हलू लागतात. काहींचे तेही हलत नाहीत. त्यांच्या बाजूने मंडळी ती प्रार्थना म्हणते. त्यांचा विश्वास तेव्हा कुठे असतो, असं त्यांची मुलं विचारतात. ज्याच्यावर ठेवला त्याच्याकडे, असं मी सांगतो.

याच्याच जोडीची एक कठीण गोष्ट: घेणं शिका. प्रभू येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगितलं होतं की म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथे नेईल. ते त्याच्या मरणाविषयी होतं, पण रोजच्या जगण्यातही त्याची चुणूक मिळते. कोणी हात धरून पायरी उतरवतं, कोणी बुटाची नाडी बांधतं. 'नको, नको, मी करतो' हे तीस वर्षं सेवा केलेल्या माणसाचं ठरलेलं वाक्य. ते गिळा. सेवा करायला शिकणाऱ्या तरुणाला सेवा घेणारं कोणीतरी लागतंच ना.

शेवटी काही व्यवहार उरतात. प्रेषित पौलाच्या शेवटच्या पत्रात (२ तीमथ्य ४) 'मी सुयुद्ध केलं, धाव संपवली' हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात काही ओळी पुढे तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो की त्रोवस गावात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्यापूर्वी ये. थंडी वाजते, वाचायचं आहे, एकटं वाटतं, हे लिहायला त्याला संकोच नाही. मार्कालाही घेऊन ये म्हणतो. याच मार्कावरून एकेकाळी त्याचं आणि त्याचा सोबती बर्णबा याचं इतकं बिनसलं होतं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. तुमचाही कोणी मार्क असेल तर त्याला बोलावून घ्या, त्याने पुढाकार घेण्याची वाट बघू नका.

मृत्युपत्र करा, कुठे ठेवलं ते एका तरी माणसाला सांगा. गंभीर आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, यावर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी शुद्धीत असतानाच बोला, नाहीतर ते ओझं मुलांवर पडतं. अंत्यविधीला कोणती गीतं म्हणायची तेही लिहून ठेवा. मी तीन निवडून ठेवली आहेत. त्यातलं दुसरं बायकोला अजिबात पसंत नाही, फार संथ आहे म्हणते, आणि तो वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.